मेणातला तुकडा

हैदराबाद
१४ जून २००५

देवाभाऊ,

सुखरूप पोचले. बल्लारशाहला गाडी उशिरा आली, पण खिडकीशी जागा मिळाली. केवळभाऊची तेरवी आटोपून आल्यापासून मी कुणाशी मराठीत बोललेलेच नाही. लॅबमध्ये तेलुगू, घरमालकिणीशी मोडकं हिंदी. काल भाजीवालीला चुकून ‘काऊन वं’ म्हणाले, तर ती माझ्याकडे बघत राहिली.

आता कामाचं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आपल्या गावचा फोन म्हणजे किराणा दुकान, आणि तिथं बाकावरची सगळी मंडळी कान लावून बसलेली. म्हणून लिहिते.

मी इथं काय करते, ते तू कधी नीट विचारलं नाहीस. माय लोकांना सांगते की पोरगी रक्त तपासते. मी रक्त तपासत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मेणाच्या वडीत बसवतात. त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, काचेवर चढवायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. अलीकडे आमच्याकडे एक नवीन रंगकाम सुरू झालंय. माय सुपात तांदूळ निवडते ना, तसा शरीराच्या प्रत्येक पेशीत खडे निवडणारा एक जण असतो. तो जागेवर असला, की रंग तपकिरी येतो. नसला, तर ती जागा निळीच राहते. एखाद्या घराण्यात तो निवडणाराच बापाकडून किंवा आईकडून मोडका आलेला असतो. मग खडे साचतात आणि गाठी होतात, त्याही तरुण वयात.

आजोबा आतड्याच्या गाठीनं गेले. बाबाही त्यानंच, बेचाळीसचे होते. केवळभाऊ छत्तीसचा. हे ऐकून आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “भावाची वडी मिळेल का?”

नागपूरच्या दवाखान्यानं रंजीतावहिनीकडे फाईलबरोबर एक छोटी प्लॅस्टिकची चौकट दिली होती, काडेपेटीहून लहान, पांढऱ्या मेणानं भरलेली. ती मला रजिस्टर पोस्टानं पाठव. उन्हात ठेवू नकोस, वितळेल. वहिनीची दोन पोरं आहेत, तुझी आचल आहे. त्यांच्यासाठी हे कळायला हवं, आणि तुझ्यासाठीही.

तुझी,
भाग्यश्री


खैरटोला, ता. ब्रह्मपुरी
२ जुलै २००५

प्रिय भागू,

तुझं पत्र वाचून मी तुझ्या वहिनीला म्हटलं, आपली पोरगी मेणबत्तीच्या कारखान्यात आहे. हसू नकोस. तुझं म्हणणं समजलं.

इकडे भाताची रोवणी अडली आहे. तलावात पाणी गुडघाभर. मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीत वारलू पुन्हा उभा आहे आणि निवडून आला तर तलावात रोहूचं बीज सोडीन म्हणतो. मागच्या वेळी सोडलेलं बीज बगळ्यांनीच खाल्लं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. जाळं यंदा मी चुलतभाऊ अमरकडे दिलं. ऊन लागल्यापासून पायात जीव नाही. तुझी वहिनी म्हणते, करदोडा सैल झाला. मी म्हणतो, दोरा जुना झाला असेल.

मायचं जेवणावर लक्ष नाही. केवळरामची खाट अजून ओसरीतच आहे. कोणी उचलत नाही आणि कोणी बसतही नाही.

ती चौकट शोधतो. रंजीतावहिनीची पेटी तिच्या माहेरी गेली आहे.

देवानंद


हैदराबाद
११ जुलै २००५

देवाभाऊ,

वहिनीची पेटी माहेरी गेलेली नाही. मी निघाले तेव्हा वहिनीही तिथंच होती आणि पेटीही. तू लहानपणी जाळ्यातली मरळ हातातून निसटली की ‘होतीच कुठी’ म्हणायचास, तशी ही तऱ्हा आहे.

खरं काय ते लिही. मी इथं रोज परक्या माणसांचे तुकडे रंगवते. कोण कुठल्या करीमनगरची बाई, कोण वारंगळचा मास्तर, त्यांची तोंडंही मी पाहिलेली नसतात. माझ्या स्वतःच्या भावाचा तुकडा मात्र मला मिळत नाही. याचा मला राग येतो, आणि रडूही येतं.

भाग्यश्री


खैरटोला
२४ जुलै २००५

भागू,

तर ऐक. वडी नाही.

तुझं पहिलं पत्र आल्यावरच मी मायला विचारलं होतं. ती चुलीपाशी होती. म्हणाली, “ते तं गेलं.” मी म्हटलं, कुठी गेलं? म्हणाली, “त्याच्यासंगं गेलं.”

राख सावडली त्या सकाळी मायनं वहिनीच्या फाईलमधून ती चौकट काढली आणि हाडांच्या गाठोड्यात बांधली. वैनगंगेत आपण गाठोडं शिरवलं, त्यात तीही होती. मी स्वतः पाण्यात उतरून सोडलं, पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. माय म्हणते, “डाक्टरनं सांगतलं होतं, हे बी त्याचंच मास हाय. मंग त्याले अर्धा कसा धाडू? वरतं जाऊन तो आपला तुकडा शोधत बसन.”

मी तिच्यावर ओरडलो. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेलो. तूच सांग, तिला काय समजावायचं? तिनं पोराला पूर्ण करून पाठवला. तिच्या हिशेबात यापेक्षा बरोबर गोष्ट नाही. तुला कसं लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून पेटीची थाप मारली.

तर आता विषय मिटला. जे व्हायचं ते होईल.

देवानंद


हैदराबाद
३ ऑगस्ट २००५

देवाभाऊ,

विषय मिटलेला नाही. मायला काही बोलू नकोस. मला आधी राग आला, मग दिवसभर काप घेताना तिचंच वाक्य डोक्यात होतं. इथं कपाटांत हजारो वड्या आहेत. त्या माणसांचा कोणी असा विचार करत असेल, असं मला वाटत नाही.

मॅडमनी पुन्हा विचारलं, “बायकांमध्ये कोणाला? नुसतं आतडं नाही, गर्भाशयही या दुखण्यात येतं.” मी नाही म्हणून टाकलं. आणि जेवताना एकदम आठवलं, सुगंधाआत्या.

तिची पिशवी काढली तेव्हा मी सातवीत होते. घरात ‘तिले गरमी झाली’ एवढंच बोलायचे, आणि आपण खेळायला जायचो. पिशवी कशासाठी काढली होती, भाऊ? तुला माहीत आहे का? पुरुषांना कोणी सांगितलंच नसेल. मलाही मुलगी असून सांगितलं नाही. त्यानंतर तिच्या नवऱ्यानं दुसरी केली, ती आपल्याकडे परत आली, आणि त्याच वर्षी बाबा गेले. मग मायनं म्हटलं, हिच्या पायानं आलं. तिला घर सोडावं लागलं, ते तुलाही ठाऊक आहे.

ती गाठ असेल, तर तिची वडी नागपूरला असू शकते. पण त्यासाठी आत्याबाईची सही लागेल. म्हणजे कोणीतरी वरोऱ्याला जाऊन तिच्यापुढं उभं राहायला लागेल. तेरवीला ती आली होती, तिचं ताट अंगणात वाढलं होतं. मी पाहिलं आणि पाणी घेऊन गेले, पण आत चल म्हणाले नाही. आपल्यापैकी कोणीच म्हणालं नाही.

तू जा.

भाग्यश्री


खैरटोला
२८ ऑगस्ट २००५

भागू,

गेलो. ब्रह्मपुरीहून चिमूर, चिमूरहून वरोरा, आणि वाटेत दोनदा उतरून परत फिरावं असं वाटलं.

आत्याबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथंच मागच्या खोलीत राहते. मला पाहिल्यावर लाटणं हातात तसंच. म्हणाली, “कोन गेलं?” आपल्याकडून माणूस आला की मरणाचीच खबर घेऊन येतो, असं तिला वाटतं. कोणी गेलं नाही म्हटल्यावर खाली बसली.

भाच्यानं आत्याला असलं कसं विचारावं, भागू? तू सोपं करून लिहितेस. मी गॅसच्या शेगडीकडे बघून विचारलं. तीही शेगडीकडे बघूनच बोलली. “गाठ होती बापा. दोन वर्सं अंगावरून जाऊन राह्यलं होतं. मी कोनाले सांगू? तुह्या बापाले सांगू का?” मग म्हणाली, “डाक्टर म्हने, वेळेवर आली म्हनून वाचली. वाचून तरी काय केलं मी? पोळ्याच केल्या.”

मी तुझं तांदूळ निवडायचं सांगितलं. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, “मंग तुही माय म्हनते तसं मायामुळं नाई मेले ना ते? ते तुमच्या रंगात दिसन का?” मी म्हटलं, दिसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. त्यांनी सही घेतली, आत गेले, आणि बऱ्याच वेळानं एक माणूस चौकट घेऊन आला. मेण पिवळं पडलंय. आत्याबाईनं ती तळहातावर घेतली. “बारा वर्सं ठेवला यायनं माहा तुकडा,” म्हणाली. “घरानं तं मले बारा दिवस नाई ठेवलं.”

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसून झोपली. बाबांसारखीच झोपते, तोंड जरा उघडं ठेवून.

वडी रजिस्टर केली आहे. कापसात गुंडाळून डब्यात घातली.

देवानंद


हैदराबाद
१९ सप्टेंबर २००५

देवाभाऊ,

वडी आली. इतकी जुनी वडी, काप नीट येतील की नाही याची धास्ती होती, पण आले. मीच घेतले, कोणाला हात लावू दिला नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे तपकिरी दिसत होतं, म्हणजे निरोगी पेशी. आणि मधे गाठीची पेशी न् पेशी निळी. लोडशेडिंगमध्ये आसपास सगळे दिवे असतात आणि एकाच मोहल्ल्यात अंधार असतो, तसं. मला वाटलं माझं चुकलं. मी पुन्हा रंगवलं. माझी चूक निघावी म्हणून मनातून हात जोडले होते. पुन्हा तेच आलं. सोपं करून मी तुला एकच निवडणारा लिहिला होता, खरे चार असतात; त्यांतले दोघं जण जागेवर नाहीत, आणि ते जोडीनंच असतात. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तर हे घराण्याचं आहे, असा दाट संशय. रक्ताच्या तपासणीनं पक्कं होईल, ती अजून इथं होत नाही. पण तोवर थांबायचं नाही. आत्याबाईला सांग, आमच्या रंगात दिसलं. तिच्यामुळं कोणी मेलं नाही. पायगुण नाही, करणी नाही. बाबांना तिच्याकडून काही आलेलं नाही. दोघांनाही आजोबांकडून आलं, तिच्यात आधी दिसलं एवढंच. बाबांच्या पोरांपैकी कोणाकडे आलं, कोणाकडे नाही, ते तोंडावरून कळत नाही. नाणं उडवल्यासारखं आहे.

आता तुझं. मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. तू जाळं सोडलंस. पायात जीव नाही म्हणतोस. करदोडा सैल झाला म्हणतोस आणि दोऱ्यावर ढकलतोस. मी रोज काचेखाली लहान खुणा शोधते आणि भावाच्या पत्रातल्या मला दिसल्या नाहीत. तुला संडासवाटे रक्त जातं का? थट्टा न करता उत्तर लिही. किंवा लिहू नकोस, नागपूरला जाऊन दुर्बीण घालून घे.

भागू


नागपूर
६ नोव्हेंबर २००५

प्रिय भागू,

झोपून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

होळीपासून जात होतं. मला मूळव्याध वाटली. ब्रह्मपुरीच्या एका वैद्याची पुडी चालू होती, ती ताकातून घ्यायची. केवळरामच्या आजारपणात माझं कुठे सांगत बसू? त्याच्यासमोर मला माझ्या रक्ताची लाज वाटायची. आणि तो गेल्यावर भीती वाटायला लागली, ती लाजेहून वाईट.

गाठ निघाली. लहान आहे, बाहेर पसरलेली नाही, आणखी वर्ष गेलं असतं तर बोलायला नको होतं, असं डॉक्टर म्हणाले. आतड्याचा मोठा भाग काढला. आता थट्टा करायला पोटात जागाच राहिली नाही.

माझ्याजवळ आत्याबाई आहे. वसतिगृहातून सुट्टी काढून आली. तुझी वहिनी आचलसाठी आणि मायसाठी घरी. आत्याबाई रात्रंदिवस खाटेशी बसते. शेजारच्या पेशंटनं विचारलं, “माय का तुमची?” ती म्हणाली, “आत्या व्हय.” आणि मग उगाच पदर नीट करत बसली.

मायला मी रंगाचं सांगितलं होतं. ती तेव्हा खरंच तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप तसंच मांडीवर. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “म्हंजे माया केवळरामची ती वडी कामाची होती.” मी नागपूरला निघताना तिनं वाळलेल्या झिंग्यांची पुडी पिशवीत टाकली आणि तोंड फिरवून म्हणाली, “वरोऱ्यावालीले देजो.” नाव घेतलं नाही. ये म्हणाली नाही. आत्याबाईनं पुडी घेतली, वास घेतला आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. अजून उघडलेली नाही.

माझी वडी सांभाळून ठेवा, असा मायनं निरोप धाडला आहे. नदीत नाही, म्हणते.

आता तू सांग. बाबांची तूही पोरगी आहेस. मला कामाला लावलंस, माझी पत्रं भिंगाखाली घातलीस. तू दुर्बीण केलीस का?

देवाभाऊ


हैदराबाद
२७ नोव्हेंबर २००५

देवाभाऊ,

नव्हती केली. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात केली.

त्याआधी भीती होतीच, पण दुसरंही एक कारण होतं. ते गुंगीचं औषध देतात, म्हणून सोबत माणूस लागतो. माझ्याकडे माणूस नव्हता. लॅबमधल्या मुलींना सांगितलं असतं, तर मला काय आहे ते सगळ्यांना कळलं असतं. नर्सनं तेलुगूत विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हणाले, भाऊ आहे, खाली स्कूटर लावतोय. शुद्धीवर आले तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, भाऊ आला का? मी म्हणाले, येतच असेल. मग तासभर बाकावर बसले आणि एकटी रिक्षानं घरी आले. तू तेव्हा नागपूरला नळ्या लावून पडला होतास. तरी बाकावर बसून मी जिन्याकडे बघत होते, हे तुला सांगायला हरकत नाही.

सध्या काही नाही. पण आत्याबाईचं ते दुखणंही माझ्यावर लक्ष ठेवून आहे, म्हणून दरवर्षी सगळं तपासायचं. एका ठिकाणचं स्थळ आलं होतं, त्यांना मी हे कळवलं. त्यांचं पुन्हा काही आलं नाही. राग नाही आला. खोली जरा जास्त शांत वाटते, इतकंच.

पुढच्या वेळी ये. स्कूटर नसली तरी चालेल.

भागू


वरोरा
१५ जानेवारी २००६

भाग्यश्रीले सुगंधाबाईचा आशीर्वाद.

मले लिवता येत नाई. वसतिगृहातली एक पोरगी लिवून राह्यली. मी बोलते तसंच लिव म्हटलं तिले, सुदरवू नको.

देवानंद आता बरा हाय. मागच्या बुधवारी आला होता, दोन पोळ्या खाल्ल्या. त्यानं तुही सगळी गोष्ट सांगतली, ते स्कूटरची बी. बाई, पुढच्या खेपेले मले सांग. मले तेलुगू येत नाई, पन बाकावर बसता येते.

तुवा सांगून धाडलं, मायामुळं कोनी नाई मेलं म्हनून. ते मी देवानंदकडून दोनदा वदवून घेतलं. बारा वर्सं मले बी तसंच वाटत होतं, की माया पायात काई असन. रातभर नाई, पन पोळ्या लाटता लाटता वाटे. आता लाटते तं नुसत्या लाटते.

मी म्हनत होती, बापाच्या घरचं मले काईच नाई भेटलं. जमीन नाई, भांडं नाई, बसाले जागा नाई. आता समजलं, हे भेटलं. आन् सगळ्याईच्या आंधी भेटलं. वाईट हाय, पन घरचं हाय. हसजो नको.

तुह्या मायनं संक्रांतीले तिळगूळ धाडला. ये म्हने नाई. झिंगे मी खाल्ले, बरे होते, आपल्याच तलावाचे.

एक काम सांगते. माहा तुकडा तुह्यापाशी हाय. पोरायच्या कामाचा हाय तवरिक ठेव, कितीबी वर्सं ठेव. मी मेली का इथले लोक मले वर्धा नदीत शिरवतीन. शिरवू दे, त्यायले जवळ पडते. पन तो तुकडा तू घेऊन येजो आन् वैनगंगेत सोडजो. जिथी माया बापाले सोडलं, माया भावाले, लटारूले सोडलं, केवळरामले सोडलं, तिथी. बाकीची मी कुठीबी जाईन. तेवढी तरी माया लोकायत जाईन.

फक्त तुह्या मायले, गोकुळाले, आंधी इचारून घेजो.

सुगंधाबाई